बसच्या पायरीवरचं अस्वल

त्या दिवशी बाबा सकाळपासून अस्वल होते.

नागपुरात, तांडापेठेतल्या आमच्या गच्चीवर, जानेवारीच्या कोवळ्या उन्हात, अंगावर काळी घोंगडी घेऊन ते पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसले होते. एक पाय दुमडलेला, दुसरा ओट्यावरून खाली सोडलेला, पाठीला किंचित बाक. मी समोर पाटावर कागद लावून त्यांना काढत होते. मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि माझ्या पुस्तकांत जेवढे म्हणून प्राणी बसलेत – हत्ती, बेडूक, म्हातारा कोल्हा – ते सगळे बाबांसारखे बसतात.

ती बसण्याची तऱ्हा उमरेडची. माझे आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असे. काठावर बसायचं आणि पाय आत सोडायचे. बाबा लहानपणी त्याच काठावर एक पाय खड्ड्यात सोडून सुताच्या कांड्या भरत. पुढे माग बंद झाला, बाबा एसटीत कंडक्टर झाले, उमरेड-भिवापूरच्या फेऱ्या करत निवृत्तही झाले. पण कुठंही टेकले की एक पाय आपोआप त्या खड्ड्यात जायचा... खड्डा नसला तरी.

नवं पुस्तक जंगलातल्या एका बसचं होतं. मूळ गोष्टीत अस्वल ड्रायव्हर होतं. बाबांनी गोष्ट वाचली आणि म्हणाले, "ड्रायव्हरले कोण ओळखते वं अंजू? लोकं कंडक्टरले ओळखते. त्याले कंडक्टर कर." पुण्याच्या माझ्या संपादक उत्तराताई हसल्या आणि कबूल झाल्या. आता शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. सगळे प्रवासी उतरलेत, दिवस मावळलाय, आणि अस्वल रिकाम्या बसच्या पायरीवर एकटं बसलंय.

"नाक खाजवू का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"काहून? अस्वलाले खाज येत नाही का?"

"या पानावर येत नाही."

तेवढ्यात जिना वाजला. गच्चीवर झुकलेल्या कडुनिंबात संक्रांतीच्या मांज्यात एक घार अडकली होती. बाबांनी सकाळीच जखमी प्राण्यांच्या दवाखान्यात फोन केला होता, आणि कोणी येईल ही आशा आम्ही एव्हाना सोडली होती. वर आला तो उंच, सडपातळ माणूस. एका हातात कातडी हातमोजा, दुसऱ्या हातात भोकं पाडलेलं खोकं. दारातच तो थबकला. त्यानं अस्वलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काय बोलावं ते न सुचून अस्वलालाच विचारलं, "घार कुठे आहे?"

"तिकडं," बाबा ओठ न हलवता म्हणाले. "मी दाखवलं असतं, पण मले हलायची परवानगी नाही."

कठड्यावर चढून त्यानं हळूहळू मांजा कापला. घार घाबरून पंख आपटू लागली. अंगावर टाकायला जाड कापड हवं होतं. तो मागे वळून म्हणाला, "अस्वलाचं कातडं मिळेल का... जरा वेळ?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. घोंगडीत गुंडाळल्यावर घार एकदम शांत झाली. त्यानं तिला खोक्यात ठेवलं, घाम पुसला, आणि जाता जाता माझ्या पाटावर नजर टाकली.

"अस्वल असं बसत नाही," तो म्हणाला.

"किती अस्वलं पाहिलीत तुम्ही?"

"डॉक्टर आहे मी जनावरांचा. एक पिल्लू तर माझ्या मांडीवर वाढलंय."

"मग ते तुमचं. ते हवं तसं बसू दे. माझं असंच बसतं."

तो ओशाळला, आणि हसलासुद्धा. हसताना त्याचे कान आधी लाल झाले, हे मी पाहून ठेवलं. पाहून ठेवणं हा माझा धंदा आहे. विहंग, असं नाव त्यानं सांगितलं, तेही बाबांनी विचारल्यावर. घोंगडी धुऊन आणून देतो म्हणाला.

"घोंगडीची घाई नाही," बाबा म्हणाले. "तुम्ही मात्र या."

तो गेल्यावर मी बाबांकडे रोखून पाहिलं. त्यांनी निष्पाप चेहरा केला. पोरगा बरा आहे, घारीच्या दृष्टीनं म्हणून राहिलो, असं म्हणाले. मग तिळाची वडी तोंडात टाकून पाय झटकत उठले. कातडंच नाही तर अस्वल कसं व्हायचं? "उद्या बसतो," म्हणाले आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

*

विहंग घोंगडी घेऊन आला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. दारातल्या चपला पाहून तो थांबला, भिंतीशी ठेवलेला फोटो पाहून त्याला कळलं. कोणाला काही न विचारता तो बाहेरच्या माणसांत जाऊन पायरीवर बसला, घडी केलेली घोंगडी मांडीवर घेऊन. मी पाणी द्यायला गेले तेव्हा हळूच म्हणाला, "घारीच्या पंखाला टाके घातलेत. खाऊन राहिली ती."

सकाळपासून येणाऱ्या प्रत्येकानं मला काही ना काही विचारलं होतं. कसं झालं, केव्हा कळलं, त्रास होता का. हे पहिलंच वाक्य होतं ज्याला मला उत्तर द्यावं लागणार नव्हतं.

आई मी शाळेत असतानाच गेली होती. त्यामुळे बाबांची धाकटी बहीण, कामिनीआत्या, उमरेडहून आली ती माझ्याजवळ राहायचं ठरवूनच. फोन तिनंच केले. बाबांचा फोन वाजला की मी तो तिच्या हातात द्यायची. पलीकडच्या माणसाला जे सांगायचं होतं ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नव्हतं, आणि मी रडतही नव्हते. बायका आपसांत म्हणत, पोरगी घट्ट आहे. मी घट्ट नव्हते. मला ते सगळ्यांसमोर, चहाच्या कपांत, उरकायचं नव्हतं, एवढंच.

तेरवी झाली. मांडव उतरला तसं आत्यानं बोलून टाकलं, की आता वर्षाच्या आत तुझं लग्न. आमच्याकडे रीतच आहे. घरातलं मोठं माणूस गेलं की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षांत तू म्हातारी होशील, आणि एकटी पोरगी घरात म्हणजे मले झोप नाही, असं तिचं म्हणणं. मी काही बोलले नाही. आत्या त्याला होकार समजली.

उत्तराताईंनी शेवटच्या पानासाठी हवा तेवढा वेळ घे म्हणून सांगितलं. फक्त एकदा, भीत भीत विचारलं, की अस्वल जरा गोलमटोल, हसरं करता येईल का, मुलांना आवडतं. मी नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही.

पण पान होत नव्हतं. बाबांचे फोटो होते, जुनी रेखाटनं होती. फोटोतले बाबा बसलेले होते. मला हवे होते ते बसणारे बाबा – टेकताना गुडघ्यावर हात ठेवणारे, एक पाय सोडल्यावर सुस्कारा टाकणारे. कागदावर येत होतं ते घोंगडीचं गाठोडं.

*

विहंग घारीच्या बातम्या आणू लागला. टाके काढले. पंख उघडते. काल मला चावली. मला संशय होता की एवढ्या बातम्या घारीजवळ नसाव्यात. एकदा तो गच्चीवर आला तेव्हा मी कोऱ्या कागदासमोर बसले होते. त्यानं अडखळत विचारलं, की कोणी समोर बसलं तर काही मदत होईल का.

"ओट्यावर नाही," मी म्हटलं. "तिथं कठड्याजवळ बसा. आणि बाबांसारखं बसू नका. तुमच्यासारखं बसा."

तो बसला. मी बराच वेळ पाहत राहिले.

"तुम्ही बसला नाहीत अजून."

"बसलोय की."

"कागदावर तुम्ही निघालेले दिसताय."

खरंच होतं ते. फोन कधीही वाजेल, कुठंतरी एखादा बिबट विहिरीत पडलेला असेल, म्हणून तो नेहमी टाचा उचलूनच बसायचा. मी भराभर काढत गेले. नीलगाईची लांब मान, मोठे कान, पळण्याच्या बेतात असलेले पाय. कागद वळवून दाखवला तेव्हा तो वाकून पाहू लागला.

"हे कोण?"

"रोही. बसमध्ये दाराजवळ उभा असतो. जागा मिळाली तरी बसत नाही."

"मी रोही?"

"वाघ व्हायचं होतं?"

"वाघ नाही, पण... निदान बिबट्या. इतके बिबटे सांभाळले मी."

"बिबट्याचे कान एवढे नसतात."

त्याचा हात आपोआप कानाकडे गेला, आणि कान लाल झाला. आणि मी हसले. बाबांनंतर पहिल्यांदाच. हसू आलं त्याची मला लाज वाटली, आणि मग लाज वाटली याचाच राग आला. बाबांना हा कागद दाखवला असता तर ते माझ्याहून मोठ्यानं हसले असते.

मार्चमध्ये घार सोडायची ठरली. फुटाळा तलावाच्या पलीकडे मोकळं रान आहे, तिथं. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर खोकं धरून मी गेले. खोक्याच्या आत नखांचा आवाज, बाहेर वारा, आणि समोर त्याची पाठ... तिला टेकायचं नाही म्हणून मी इतकी ताठ बसले होते की उतरताना कंबर धरली होती.

त्यानं झाकण उघडलं. घार बाहेर आली आणि तशीच बसून राहिली. हलू नका, असं त्यानं मला हातानंच सांगितलं. मी हलले नाही. पण घारीकडे पाहायचं सोडून मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याचा श्वास अडकला, ओठ किंचित उघडले, हनुवटी हळूहळू वर गेली, डोळ्यांत आभाळ आलं... मी घार उडताना पाहिलीच नाही. ती उडालेली मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिली.

"पाहिलंस?" तो म्हणाला.

ते पहिलं 'तू'. त्याच्या लक्षातही आलं नाही.

"पाहिलं," मी म्हटलं.

परतताना आम्ही तर्री-पोह्याच्या ठेल्यावर थांबलो. तर्रीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो ते कबूल करेना. मग बशीकडे बघत तो म्हणाला, "तू फार पाहतेस गं. मला सवय नाही. जनावरं डोळ्यांत डोळे घालत नाहीत."

"मग नको पाहू?"

तो पोह्यांत चमचा फिरवत राहिला. फिरवतच राहिला.

"असं म्हटलं का मी?"

*

उन्हाळा आला. नागपूरच्या उन्हाळ्यात प्रेम करायचं तर कूलरसमोरच करावं लागतं. दुपारी आत्या आत लवंडलेली, खिडकीतला कूलर घरघरतोय, वाळ्याचा ओला वास, आणि माझे कागद उडू नयेत म्हणून विहंग त्यांवर दोन्ही तळहात ठेवून बसलाय. कागद धरायला चार दगड पुरले असते. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

तो माझ्या कामाबद्दल खूप विचारायचा. कल्पना कुठून येतात, असं नाही. ते विचारणारे लोक मला आवडत नाहीत. तो विचारायचा की म्हाताऱ्या कोल्ह्याचे खांदे असे का. मग मी सांगायची, की बाबांच्या डेपोतल्या एका मेकॅनिकचे आहेत ते. बेडूक आमचा भाजीवाला. हत्तीचे पाय बाबांचे, सूज आलेल्या दिवशीचे. मला काहीच सुचत नसतं. मला फक्त दिसतं, आणि जे दिसलं ते जाऊ द्यायला मी तयार नसते. एवढीच माझी कला.

एका दुपारी कूलरच्या आवाजात तो काहीतरी बोलला. मी म्हटलं, ऐकू आलं नाही. मला चांगलं ऐकू आलं होतं.

"मला तू आवडतेस," तो पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाला, आणि घाबरून आतल्या खोलीकडे पाहिलं. आत्याच्या घोरण्यात खंड नव्हता.

मी उत्तर म्हणून रोहीचं चित्र काढून त्याच्या हातात ठेवलं.

"हे... हो आहे का?"

मी पुढ्यातला ब्रश धुऊ लागले. तो चित्र घेऊन गेला, आणि त्यानं ते हो धरलं. ते हो होतंच. पण मी तसं म्हटलं नाही. बाबांना जाऊन अर्धं वर्षही झालं नव्हतं, आणि बोलायला तोंड उघडलं की आधी दुसरंच काहीतरी बाहेर पडेल अशी मला भीती वाटायची. तो कधीमधी चिडवायचा, की तुझ्याकडून चित्रांची पावती मिळते, अक्षरं केव्हा मिळणार? मी म्हणायची, रोह्यांना वाचता येत नाही.

आत्या झोपलेली नव्हती, हे नंतर कळलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिला आनंद झाला. आणि इथंच सगळं बिघडलं.

दसऱ्यानंतर मी पुस्तकाच्या रंगांचं पाहायला पुण्याला गेले. मागे आत्यानं विहंगच्या आईला, यमुताईंना, चहाला बोलावलं. यमुताई निवृत्त शिक्षिका. महाल भागात त्यांच्या किती पिढ्या कचेरीत कारकुनी करत आल्या ते सांगणाऱ्या, पण मनानं वाईट नव्हेत. जातीचं आम्ही काही काढत नाही, असं त्या चहा संपेपर्यंत अनेकदा म्हणाल्या म्हणे. दोघींचं जमलं. दिवाळीनंतर साक्षगंध, डिसेंबरात लग्न, म्हणजे वर्षाच्या आत. विहंगला विचारलं, तो हो म्हणाला.

मी परतले तेव्हा तो गच्चीवर वाट पाहत होता. चेहरा असा उजळलेला, की आधी मला त्याला काढावंसंच वाटलं. मग त्यानं सांगितलं.

"मला कोणी विचारलं?" मी म्हटलं.

तो गोंधळला. त्याला वाटलं होतं मला आनंद होईल. मोठी माणसं स्वतःहून तयार झाली, भांडावं लागलं नाही, यात वाईट काय? कारण काही असो, तारीख तर आपली आहे.

"ती तारीख आपली नाही. ती बाबांच्या जाण्यावरून मोजलीये. इकडून मोजा नाहीतर तिकडून, मध्ये ते आहेत. त्यांच्यावर झाकण ठेवायला माझं लग्न नको आहे मला."

"मग तीन वर्षं?"

"तेही त्यांनाच मोजणं झालं."

"म्हणजे आताही नाही आणि मगही नाही." तो थांबला. "अंजू, मी तुझ्या घरी आलो तो घार न्यायला. नंतर घोंगडी घेऊन आलो. नंतर बातम्या घेऊन. मी प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन येतो, आणि तू मला कधीच म्हणत नाहीस की ये."

तो जिना उतरून गेला. मी बोलवायला हवं होतं. मी कठड्याशी उभी राहून त्याला मोटरसायकल सुरू करताना पाहत राहिले. पाहणं मला जमतं.

*

तो यायचा थांबला. यमुताईंचा फोन मात्र आला, की रविवारी तारीख पक्की करायला येतो. आत्यानं या म्हटलं. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. ती माझ्या ताटात आधीपेक्षा जास्त वाढू लागली.

त्या आठवड्यात एका सकाळी ती गच्चीवर कापूस घेऊन दिवाळीच्या वाती वळत होती. मी कपडे वाळत घालायला गेले, तिच्याकडे न पाहण्याचं ठरवून. पण नजरेला सवय असते. आत्या टाकीच्या ओट्यावर बसली होती. एक पाय दुमडलेला. दुसरा खाली सोडलेला. पाठीला किंचित बाक, आणि मांडीवर सूत लांबवणारे हात.

माझ्या हातातली बादली खाली आली.

"आत्या," मी म्हटलं, "हलू नकोस."

तिला वाटलं अंगावर पाल पडली. मी धावत जाऊन कागद आणला, घोंगडी आणली, तिच्या खांद्यांवर टाकली.

"हे काय करून राहिली वं?"

"तुला अस्वल करतेय."

"मले?" आत्यानं नाक फेंदारलं. "भावाले केलं, आता मले करून राहिली. सारं खानदानच अस्वलाचं का?" पण ती हलली नाही. उलट पदर नीट केला.

तिनं सांगितलं, त्या खड्ड्याच्या काठावर एका बाजूला दादा बसे आणि दुसऱ्या बाजूला ती. दादाचा डावा पाय आत, तिचा उजवा. मध्ये बापाचे दोन्ही. कोणाची कांडी आधी भरते म्हणून खाली पायानं पाय मारत. बापाला सगळं कळायचं, तो वरून नुसता माग चालवत राही. मी काढत होते. पेन्सिल आपोआप चालली होती. टेकणं आलं, सुस्कारा आला, सोडलेल्या पायाचा जडपणा आला.

मग ती वात वळता वळता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मायं लग्नही वर्षाच्या आतच झालं होतं."

मला ते माहीत नव्हतं.

"आमचे बाबा गेले अन् चौथ्या महिन्यात मले हळद लागली. घाईच होती सारी. रडाले सवडच नाही भेटली वं. मांडवात मात्र जे रडू फुटलं... थांबेच ना. बाया म्हणे, पोरगी सासरी जाते म्हणून रडते. कोणी म्हणे, नवरा पसंत नाही वाटते हिले. तुया आतोबांनीही तेच धरलं मनात. लय वर्षं धरलं." तिनं वात कापसातून सोडवली. "मी त माया बापासाठी रडत होती. पण नवरीचं रडणं कोणाले समजते?"

कडुनिंबात एक खार चिरकत होती. मी पेन्सिल ठेवली.

"मग मला का तसंच करतेस, आत्या?"

तिनं आणखी एक वात वळली. "रीत आहे ना वं," शेवटी म्हणाली. पण ते तिनं पुढ्यातल्या कापसाला सांगितलं, मला नाही.

शेवटचं पान त्या दुपारी पुरं झालं.

*

रविवारी यमुताई आल्या, नरखेडच्या संत्र्यांची पिशवी आणि पंचांग घेऊन. मागून विहंग आला. दाराशीच्या खुर्चीवर टेकला, टाचा उचलून. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं: दाढी वाढलेली, हाताला नवा ओरखडा, कान नेहमीचेच. इतक्या दिवसांत हा माणूस मला किती कमी दिसला, आणि त्याचा मला किती त्रास झाला, ते मला त्या क्षणी कळलं.

यमुताईंनी पंचांग उघडलं. डिसेंबरातले दोन मुहूर्त चांगले होते. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या संत्रं सोलू लागली, आणि सोलतच राहिली.

"काकू," मी म्हटलं, "मुहूर्त काढू नका."

यमुताईंनी चष्मा काढला. शांतपणेच बोलल्या त्या. मग केव्हा, असं विचारलं. वर्ष उलटलं की तीन वर्षं शुभकार्य नाही, म्हणाल्या, माझंही वय झालंय, विहंगचंही. आणि मुलीच्या मनात नसेल तर तसं सांगावं, आम्ही वाईट वाटून घेणार नाही.

"वर्षाच्या आत नाही," मी म्हटलं, "आणि तीन वर्षंही नाही. माझं मी सांगेन."

"असं कुठं असतं का, बाई?"

"नसेल. माझ्यापासून सुरू होईल."

यमुताईंनी आत्याकडे मदतीसाठी पाहिलं. आत्यानं संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "पोट्टी म्हणते त म्हणू द्या ना. एकीनं तरी म्हणावं." यमुताईंनी पंचांग मिटलं.

मग विहंग बोलला. तोही माझ्याकडे न पाहता, हातावरचा ओरखडा चोळत.

"मला तारीख नको, आई. तिनं थांब म्हटलं तर थांबेन, कितीही. पण आजवर मी सगळं अंदाजानंच धरलंय. चित्र दिलं, मी हो समजलो. गप्प राहिली, मी हो समजलो. चुकलोही एकदा." त्यानं मान वर केली. "मला अंदाजानं नको आता. तुझ्या मनात काय आहे ते तू सांग, अंजू. तोंडानं."

टेबलावर पेन्सिल होती, कागदही होता. मी हात पाठीमागे घेतले. मला माहीत होतं काय होणार ते. इतके महिने ज्याला मी दार उघडलं नव्हतं ते आधी येणार, आणि यमुताईंसमोर, संत्र्यांसमोर, सगळ्यांसमोर येणार. येऊ दे. डोळे वाहू लागले तसे मी ते पुसले नाहीत. आत्या उठून माझ्याकडे यायला निघाली. मी हातानं तिला थांबवलं. विहंग खुर्चीत मागे सरकला, पाठ टेकली, दोन्ही टाचा जमिनीवर आल्या. तो ऐकत होता.

"हे रडणं तुझ्यासाठी नाही," मी म्हटलं. "कोणी तसं समजू नका. माझे बाबा गेले. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते. माझे बाबा गेले, आणि मी त्यांच्यासाठी रडतेय, आणि अजून बरेच दिवस रडणार आहे. ते माझं मी वेगळं करीन. त्याच्यात लग्न मिसळू देणार नाही."

श्वास घ्यायला थांबले.

"आणि हे दुसरं. हे फक्त तुझ्यासाठी आहे. माझं तुझ्यावर प्रेम आहे, विहंग. ये."